रात्रभर झाकून ठेवा

खोक्यावर लिहिलंय: आदल्या रात्री बाहेर काढा,
एकमेकांपासून चार बोटं लांब मांडा,
झाका,
नऊ तास हात लावू नका.
गिस्लँने ते दोनदा वाचलं,
बर्फ उपसायच्या गाडीचं माहितीपुस्तक वाचतो तसं,
ओठ हलवत.

सहा क्रोसाँ. फिकट, टणक,
ट्रेवर ठेवताना ठक्क वाजणारे.
"एवढेसेच?" मायेली म्हणाली.
नऊ वर्षांची आहे. एकाआड एक शनिवारी येते,
दात घासायचा ब्रश बरोबर घेऊन,
इथे एक ठेवलेला असतानाही.

"सकाळी मोठे होतील."
"कशाने?"
"त्यांचे ते."
याहून जास्त त्यालाही ठाऊक नव्हतं.

रिमुस्कीतला जानेवारी म्हणजे
खाली पांढरी पडलेली नदी,
खिडकीच्या आतल्या कडेलाही बर्फाची नखं,
आणि विजेचं बिल.
झोपताना तो स्वयंपाकघराचा हीटर पंधरावर आणतो.
मुलीच्या खोलीतला बावीसवर.
पिठाला हे कोण सांगणार?

रात्री तीनला फोन आला नाही.
बर्फ पडला की येतो,
मग शेजारच्या मादाम वेलेतना उठवावं लागतं,
त्या गाऊनवर कोट चढवून सोफ्यावर येऊन बसतात.
आज आकाश कोरडं.
तरी सवयीने जाग आली, आणि अनवाणी तो
क्रोसाँ बघायला गेला.

ओटा रिकामा.
ट्रे नाही. फडकंही नाही.
ओव्हन उघडून पाहिला, फ्रीज पाहिला,
एकदा कचऱ्याचा डबासुद्धा.
घरात मांजर नाही.
चोर असता तर टीव्ही नेला असता.

मग तिच्या दारातून येणारी ऊब पायाला लागली.

ट्रे जमिनीवर होता, हीटरपासून हातभर दूर,
फडक्यावर आणखी तिचा लाल लोकरी स्कार्फ.
पलंगावरून लोंबणारा तिचा हात
ट्रेपर्यंत पोचत नव्हता, थोडक्यात राहिला होता.
त्याने गुडघे टेकले, कोपरा उचलला.

फुगले होते.
बाळाच्या दंडाला पडतात तशा वळ्या पडलेल्या,
आणि तो आंबूस, दुधाळ वास:
ती दहा दिवसांची असताना
मानेच्या घडीत नाक घातलं की यायचा.
एकाला लाल लोकरीचा धागा चिकटला होता.
हात लावू नका, असं लिहिलेलं असूनही
त्याने तो काढला.
बोटाचा खळगा राहिला.

सकाळी एकशेऐंशीवर वीस मिनिटं.
एका ताटलीवर दीपगृहाचं चित्र, दुसरीवर काहीच नाही;
चित्राची तिला.
कागदी रुमालाची त्रिकोणी घडी घातली,
हॉटेलात असते तशी सुरी उजवीकडे.
जर्दाळूच्या मुरांब्याचं झाकण
टेबलाच्या कडेवर तीनदा आपटल्यावर सुटलं.
खळगा पडलेला त्याने स्वतःकडे घेतला.
एक बाजूने उकलून गेला होता, तोही.

ती शेंड्यापासून सोडवत जाते,
पट्टी पट्टी लांबवत, आतल्या ओल्या गाभ्याशी आली की थांबते.
स्वेटरभर पापुद्रे.
"आई बेकरीतून आणते," ती म्हणाली.
तो कपाकडे बघत राहिला.
"पण ते रात्री काहीच करत नाहीत."

संध्याकाळी पाचला गाडी आली, हॉर्न वाजला,
ती गेली. ब्रश घेऊन.
उरलेला दीड क्रोसाँ त्याने उभ्याउभ्याच संपवला,
गार, थोडा चामट.
तिच्या खोलीतला हीटर पंधरावर आणला.
दिवा घालवला, जिन्यापर्यंत गेला,
परत येऊन अठरावर केला.
बिल येईल तेव्हा बघू.