दुरुस्ती

पर्समध्ये मी अजून लाल पेन ठेवते.
शाळा सुटून सहा वर्षं झाली,
पेन सुटलं नाही.
रंकाळ्यावर फिरायला निघाले की आधी फलक लागतात,
मग पाणी.

'हार्दीक शुभेच्छा.' 'शुभ आशिर्वाद.'
'उज्वल यश' मिळवलेली कुणाची तरी पुतणी
एकाच ज वर उभी, तोल सांभाळत.
आणि 'आणी'.
णि कुणालाच ऱ्हस्व ठेववत नाही,
जणू दोन शब्द बांधायला
लांब दोरच लागतो.

शाहूपुरीतला अल्ताफ मुजावर, फ्लेक्सवाला,
सातवी क, शुद्धलेखनात दहापैकी तीन,
रात्री अकराला फोन करतो:
"बाई, 'भावपूर्ण'चा पू कुठला?"
"दुसरा रे."
"पहिला टाकलोय की. छापूनबी झालं."
"मग विचारतोस कशाला?"
"मनाला लागून राहतंय, बाई."
('टाकलोय' नव्हे, 'टाकलाय'.
पण एवढ्या रात्री ते सोडून दिलं.)

गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी ओळीनं उभ्या,
मागं पाटी: 'धारोष्ण दुध मिळेल'.
मी पेन काढलं.
ज्ञानू चौगुल्यांनी चरवी खाली ठेवली.
"बाई, दीर्घ केल्यावर फॅट वाढती काय?"
सगळा कट्टा हसला. एक म्हैससुद्धा वळून बघत होती.

उत्तर होतं माझ्याकडं, नियमासकट.
अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ:
दूध, मूल, कोल्हापूर.
पण विभक्ती लागली की तोच आखडतो:
दुधात, मुलाला, कोल्हापुरात.
एकतीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं,
आणि कळलं त्या सकाळी,
शेपटीच्या फटक्यातून चष्मा वाचवताना:
गाव लांबून म्हणताना दीर्घ असतं,
आत शिरताना ऱ्हस्व व्हायला लागतं.

मी झाले नाही.
बी.एड.ला पुण्यात, पहिल्याच तासाला
उठून म्हटलं होतं, "सर, वही विसरलो. उद्या आणतो."
मागच्या बाकावरून आवाज आला,
"आणतो कोण, भाऊ का?"
त्या आठवड्यात मी क्रियापद बदललं.
हॉस्टेलच्या आरशापुढं घोकत बसले:
येते, जाते, करते, झोपते.

आई पापाच्या तिकटीला गजरे विकायची.
जन्मभर "मी येतो गं" म्हणून दाराबाहेर पडली,
पुरुषासारखी नव्हे,
तिच्यासारखी.
दिवाळीच्या सुटीत मी तिला दुरुस्त केलं.
ती काही बोलली नाही.
एक पाय चपलेत, एक उंबऱ्यावर,
बरोबर रूप शोधत थांबली थोडी,
ते सापडेना, तशी तशीच गेली.
त्यानंतर माझ्यादेखत
जाताना नुसती मान हलवायची.

भावपूर्ण. पू दुसरा.
तिच्या वेळी मी स्वतः तपासला होता.
एकही चूक नव्हती.

काल अल्ताफच्या दुकानात त्याची पोरगी होती,
चौथीतली, कागदाच्या कात्रणांची होडी करत.
अचानक उठली, दप्तर उचललं,
"बाई, मी जातो. उद्या पेपर हाय."
पेन पर्समध्येच होतं.
हात गेला नाही.
म्हटलं, "जा. मी पण येतो."

अल्ताफनं संगणकावरून मान वर केली,
काय ऐकलं ते त्याला कळलं असावं,
परत खाली घातली.

घरी आलो, चहा ठेवलो, हे लिहिलो.
वर कुठं कुठं 'ठेवते', 'निघाले' असं राहिलंय.
शाई संपत आलीय पेनातली.
तेवढं तुम्हीच
दुरुस्त करून घ्या.