सात नंबरचा पिंजारी

अखाजीला घागर घ्यायला गेले की
सुकलाल घागरीत कोपरापर्यंत हात घालतो
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला माणूस काढतो.
वीतभरही नाही. तळपायाखाली खिळ्यानं कोरलेला आकडा.
"मास्तरीनबाई, औंदा कल्हईवाला शे."

अशा अकरा अखाज्या, अकरा माणसं,
काचेच्या कपाटात, जिथे आधी मुलाचे क्रिकेटचे कप होते.
पुण्याची मंडळी हल्ली पुरा संच मागतात.
सुकलाल बोरीच्या मातीचे हात झटकतो,
"संच कसाना, बाई?
माले जो याद येस, तोच मी घडस."

सात नंबर, पिंजारी.
धनुकलीला खरी तात लावलेली,
पुढ्यात चिमूटभर खरा कापूस.
तो पिवळा पडतो, दर दिवाळीत बदलते.

मागच्या महिन्यात याकूबभाई मन्सुरी आले,
नातवाच्या दाखल्याचं विचारायला.
मोबाईलची कव्हरं विकतात आता, स्टेशनरोडला.
चष्मा काचेला टेकला.
"हा मी आहे का?"
मग बराच वेळ काही नाही. मग,
"मुठळा उजव्या हातात दिलाय त्यानं.
मी डावरा. अख्ख्या अमळनेरला ठाऊक."

काढून दिला हातात.
त्यांनी नखानं तात छेडली.
माशी बसून उठावी, एवढा आवाज.
पण त्यांची मान तेवढ्यानंही वळली,
नाकात तंतू जाऊ नये म्हणून
वळायची तशी.

किंमत विचारली. साडेतीनशे.
"एका गादीचे मला बारा रुपये मिळायचे.
आणि ह्यानं तर," बोट शेजारच्या घाण्यावर,
"दोन गाद्यांचे अजून दिले नाहीत.
दगडू तेली. ब्याऐंशी साल."
आता कोण देणार?
घाणा चुलीत गेला, दगडूअण्णा गेले,
मुलगा सुरतेला साड्यांच्या घड्या घालतो.
"ते जाऊ द्या, मॅडम.
फक्त मला त्याच्या शेजारी नका उभं करू."

मग आम्ही दोघं कपाटासमोर, जागा शोधत.
लोहाराजवळ नको, ठिणगी.
कल्हईवाल्याकडे तर मुळीच नको.
भोयाच्या जाळ्याची ओल लागेल कापसाला.
शेवटी बुरडिणीपाशी ठेवला.
"हां," ते म्हणाले, "ही चहा पाजायची,
कोरा, पण पाजायची."
दाखल्याचं विचारायचं राहूनच गेलं.

सुकलालला सांगितलं हाताचं. चाक थांबलं नाही.
"मी त्यान्हा समोर बसू ना, बाई.
माले तो हात उजवाच दखाये."

रात्री वही काढली, ज्यात मी
नंबर, साल, किंमत लिहून ठेवते.
सातव्या ओळीपुढे जागा थोडीच होती.
बारीक अक्षरात लिहिलं:
डावरा.
येणे बाकी, दोन गाद्या.