एकाकी जोडी

सात नंबरच्या ट्राममध्ये माझ्या शेजारची जागा
बहुतेक रिकामीच राहते.
रीगातली माणसं सभ्य. नाक मुरडत नाहीत,
नुसती खिडकीकडे वळतात,
मग पुढच्या थांब्याआधीच उठून दाराशी उभी राहतात.
पिरिडीनचा वास लोकरीत मुरतो.
सडक्या मासळीचा सख्खा भाऊ.

म्हणून तर विस्वाल्दिसशी जमलं.
बाजारात त्याचा धुरी दिलेल्या वामींचा गाळा.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"बाई, तुमचा माल शिळा दिसतोय."
म्हटलं, "ताजा आहे. सकाळीच ऊर्ध्वपातन केलंय."

नायट्रोजनचं काय सांगू.
पाच कार्बन हात धरून कडं करतात,
सहावा हा, परक्या घरचा, त्यांच्यात शिरतो,
सगळ्यांसारखाच हात देतो,
पण दोन इलेक्ट्रॉन कनवटीला खोचून ठेवतो.
पुस्तकात त्यांना एकाकी जोडी म्हणतात.
बाविसाव्या वर्षी मी या शब्दाला हसले होते.
जोडी, आणि एकाकी?

अठ्ठावीस वर्षं अशीच कडी घडवली.
इमिडॅझोल, पिरिमिडीन, क्विनोलीन.
इथे एक मिथिल लाव, तिथला काढ,
नायट्रोजन एक घर सरकवून बघ.
तीनशे बारा कुप्या, माझ्या अक्षरातले नंबर.
एकशे चाळीसने उंदरांना आठवडाभर बरं ठेवलं,
मग त्यांचं यकृत खाल्लं.
दोनशे सहा कशात म्हणता कशात विरघळेना.
हट्टी. मला आवडायची ती.
औषधाच्या दुकानापर्यंत पोचली अशी एकही नाही.
एल्गा विचारते, वाईट नाही वाटत?
वाटतं. पण कॉलम चालू असताना
थेंब मोजायचे असतात, पोरी.

मागच्या हिवाळ्यात वाम सोलता सोलता
विस्वाल्दिसचा उजवा हात थरथरायला लागला.
डॉक्टरांनी भलतंच विचारलं:
वास कधीपासून येत नाही?
मासळीवाल्याला!
तो बराच वेळ मांडीवरची टोपी फिरवत बसला.
मला ती खराब पेटी आठवली,
दोन वर्षांपूर्वीची, गिऱ्हाईक भांडायला आलं होतं ती.

आता गोळी, दिवसातून तीनदा.
कुठल्याशा परक्या शहरात
माझ्यासारख्याच कुणाच्या तरी बोटांना डाग पाडून तयार झालेली.
पाव गुंडाळलेल्या कागदावर मी त्याला चित्र काढून दिलं.
हे पाचांचं कडं, हा गंधक, हा नायट्रोजन.
"आणि हे दोन ठिपके?"
ती जोडी. कुणाला न दिलेली.
म्हणून तर कड्याबाहेर हात पुढे करू शकते,
तुझ्या मेंदूतल्या एका दाराची कडी धरू शकते.
बहुधा. रसायनात मी शपथ घेत नाही.
"म्हणजे न विकलेलंच शेवटी कामाला आलं,"
तो म्हणाला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.
तीन वेळा घडी चुकली.

काल घरी यायला उशीर झाला.
दाउगावावर बर्फ धरलेलं, पुलावर ट्राम रेंगाळलेली.
कोट खुंटीला लावणार तोच त्याने हातातून घेतला,
कॉलरीत नाक खुपसलं.
बाही हलत होती.
"पिरिडीन," म्हणाला. "आज जरा जास्तच."

काल दिवसभर मी कचेरीत कागद भरत होते.
बाटलीला हातसुद्धा लागला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "थोडं सांडलं."