आटे

नांदुरीचा घाट उतरताना मागचं डावं चाक
किंचाळत होतं, पाट्यावर सुरी ओढावी तसं.
गाडीत कुणी काही बोललं नाही.
बायकोनं प्रसादाचा पुडा तेवढा मांडीवर घट्ट धरला.

म्हणून रविवारी सकाळी सिडकोत,
पवननगरच्या आमच्या इमारतीखाली,
जॅकवर गाडी, पुढच्या चाकांना विटा,
आणि मी गोणपाटावर मांडी घालून.
नोव्हेंबर. पाना इतका गार
की पहिल्यांदा उचलून परत ठेवला.
जुने पॅड निघाले. एकावर थोडा मसाला होता,
दुसरा नुसता पत्रा.

नवे जाड. त्यांना जागा हवी,
आणि पिस्टन तर बाहेर येऊन बसलेला.
पॅड झिजला की तो केसभर पुढे,
पुन्हा झिजला, पुन्हा केसभर.
चार वर्षं असा पुढे पुढेच आलेला;
मागे जायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

खालच्या सुताराचा शिकंजा लावला.
पिळला. दांडी वाकली.
हातोडीचा दांडा लावून रेटला.
पुढच्या चाकांना मागच्या वर्षी हेच केलं होतं,
दोन मिनिटांत आत गेले होते, लोण्यात बोट जावं तसे.
हा ढिम्म.
मी त्याला आईवरून एक शिवी दिली
आणि वर पाहिलं तर जिन्यात शेवंताबाई अहिरे,
दुसरा मजला, हातात मेथीची जुडी.
आमची ओळख पाण्याच्या मोटरच्या भांडणापुरती.

"मागचंय ना?"
हो.
"मग दाबतो कशाला? सात जन्म दाबला तरी जायचा नाही.
आत आटे असतात त्याला. फिरव."
मग जरा थांबून,
"हँडब्रेक सोडलाय का?"

मी उठलो. दार उघडलं. हँडब्रेक खाली केला.
तिच्याकडे न बघता परत येऊन बसलो.

मेथी बॉनेटवर ठेवून तिनं पदर खोचला.
अंबडला एकोणीस वर्षं, ब्रेकच्या लाइनवर,
पाळीला साडेतीनशे नग.
"तेलाचं झाकण उघड. तेल वर चढेल,
रंगावर सांडू देऊ नको, रंग खातं ते."
पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा होत्या.
तासभर मी त्यांच्याकडेच बघत होतो.
तिनं लांब चोचीची पक्कड त्यांत बसवली.
"भार ठेव नुसता. जोर नको. आता उजवीकडे."

कर्र.
काहीच नाही.
मग पुन्हा कर्र, आणि गंजाचं तांबूस पीठ
तिच्या अंगठ्यावर.
पाव फेरा. पाव फेरा.
रबराची टोपी पिळवटली की ती थांबायची,
बोटानं तिची घडी सोडवायची,
झोपलेल्या पोराचा झबल्यात अडकलेला हात सोडवावा तशी.

"तुम्ही हे किती वेळा केलंय?"
"घालायचं काम माझं. काढायची वेळ कधी आली नाही."
"आणि गाडीत?"
"गाडीत काय?"
"बसलात किती वेळा?"
"लेकीच्या लग्नात. मागच्या सीटवर."
पाव फेरा.

शेवटी पिस्टन काठाशी येऊन टेकला.
तरी तिनं आणखी जरासा फिरवला:
पॅडच्या पाठीला एक टोक असतं,
ते खाचेत बसलं पाहिजे, नाहीतर पॅड तिरका झिजतो.
हे मला कुणी सांगितलंच नसतं.
हात माझ्या फडक्याला पुसले, मेथी उचलली,
जिन्यातून म्हणाली,
"हलवायच्या आधी पाय मार. तसाच निघू नको."

चाक चढवलं. आत बसलो.
पहिल्यांदा पेडल थेट तळाला गेलं,
अंधारात पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसं.
दुसऱ्यांदा अर्ध्यावर.
तिसऱ्यांदा खालून कुणीतरी पाय धरला.

वर मोटर सुरू झाली.
दहाची वेळ ठरलेली; दहाला पाच कमी होती.
मी काही बोललो नाही.