दूध कुठं घालता?

येरळेच्या अलीकडं, आमच्या गावात
कुणी कुणाचा पक्ष विचारत नाही.
दूध कुठं घालता, एवढं विचारलं की कळतं.

जोगेश्वरी डेअरी थोरल्यांची,
नवजीवन धाकट्यांची.
दोन भाऊ, एक बांध, विट्याच्या कोर्टात बावीस वर्षं तारखा,
आणि त्यापायी गावाला दोन सोसायट्या, दोन तालमी,
दोन गणपती.
मयताला भजनी मंडळंसुद्धा दोन,
आधी विचारून घ्यावं लागतं कुठलं बोलवायचं.

मी जोगेश्वरीचा संकलक.
पहाटे साडेपाचला शटर वर, काटा चालू,
फॅटचं मशीन गरम पाण्यानं धुतलेलं.
एकोणीस वर्षं झाली.
किटलीचं झाकण निघायच्या आत सांगतो
म्हैस कुणाची, मत कुणाला.

निवडणुकीच्या तोंडावर दूध फिरतं.
जालिंदर मंडलेची किटली त्या सोमवारी आली नाही.
त्याच्या नावापुढं पेन्सिलीनं मी टिंब दिलं.
मंगळवारी नाही.
बुधवारी त्याचा पोरगा नवजीवनच्या ओट्यावर,
मान खाली, चपला दवानं भिजलेल्या.
संध्याकाळी थोरल्यांचा फोन: किती फुटले?
मी म्हटलं, अकरा लिटर.

मतदानाच्या आदल्या रात्री गलाईवाल्यांच्या गाड्या आल्या,
एक कोइमतूरहून, एक कानपूरहून.
सोनं गाळून बोटं पिवळी पडलेली पोरं
आईच्या हातची भाकरी खाऊन,
त्याच बोटाला शाई लावून
दुपारी परत गेली.
त्यांचं मत त्यांच्या आयांच्या म्हशीबरोबर धरायचं,
हा हिशेब माझा. कधी चुकला नाही.

रात्री वही मांडली.
जोगेश्वरी चारशे सव्वीस,
नवजीवन चारशे अकरा.
थोरल्यांनी पाठीवर थाप मारली,
खिशातली सुपारी अर्धी करून दिली.

निकालाला तालुक्याला गेलो.
आमच्या खोलीचं मशीन वाचलं:
चारशे सव्वीस.
चारशे अकरा.
आणि कंगवा, एकोणचाळीस.

कंगवा? कुणी म्हटलं, ती हो, पलीकडल्या गावची नर्स,
रिटायर झालेली, एकदा एसटीनं येऊन गेली.
माईक नाही, झेंडा नाही.
पूर्वी शाळेत पोरींच्या डोक्यातल्या उवा बघायची.

सगळ्या गटात मिळून थोरले एकतीस मतांनी पडले.
गाडीत मागं बसून एकच बोलले,
एकोणचाळीस जण हुडकून काढ.

तीन रात्री वही चाळली.
फुटलेलं दूध जिथल्या तिथं होतं,
लिटरला लिटर जुळत होता,
माझा एकही माणूस चुकला नव्हता.
मग एकोणचाळीस माणसं कुठनं आली?

चौथ्या पहाटे, रतीब आटपत आला तेव्हा
नसीर शिकलगार आला, कात्र्यांना धार लावणारा,
पाव लिटर द्या म्हणाला.
त्याच्यामागं कोतवालाची सून,
तिच्यामागं बागेत फवारणी मारणारे दोघं भाऊ,
नाव मला माहीत नाही.
एकोणीस वर्षं ही रांग
मी काटा पुसता पुसता बघत आलोय.
यांच्या दारात जनावर नाही.
माझ्या वहीत यांना पान नाही.
ही माणसं दूध घालत नाहीत,
कॅनच्या तळाचं नेतात, चहापुरतं.

सगळ्यात शेवटी हौसाबाई वायदंडे,
अंगणवाडीतली मदतनीस.
स्टीलचा डबा पुढं केला.
बोटावरची शाई नखाकडं सरकलेली.
तोंडावर आलेलं विचारणं गिळलं,
माप बुडवलं, हात जरा सैल सुटला,
डबा काठोकाठ भरला.
आणि सवयीनं मी पेन्सिल उचलली.

"लिवू नगा," ती म्हणाली,
पदराची गाठ सोडत.
"रोख हाय."