टाळू

कात्री नको, ओत्नियेल. ती केळीच्या घडांसाठी ठेव.
आणि दातही नकोत.
दातांनी तोडायचे ते सांता क्रूझ बंदरातले खलाशी,
त्यांना घाई असायची,
थुंकी आणि टोपी एकदमच पाण्यात.
तुझ्या बापाला घाई नव्हती.
डाव्या अंगठ्याचं नख तो वाढू द्यायचा, तेवढंच एक,
आणि त्या नखानं टाळू उचलायचा.
उकडलेल्या अंड्याचं कवच पहिल्यांदा सुटतं,
आवाज व्हायचा तर तेवढाच.

टाळूच म्हणते मी त्याला.
बाळाची असते तशी, सगळ्यात शेवटी भरणारी.
आधी पोटातली पानं, मग बांधणीचं, मग वरचं,
आणि सगळं झाल्यावर नाण्याएवढा पानाचा गोल,
बोटाच्या टोकावर मावेल इतक्या डिंकात.
एकेचाळीस वर्षं मी शेवटी जे लावलं
ते लोकांनी सगळ्यात आधी कापलं.
वाईट वाटतं का, ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

बरं, हे तुझं काराकसचं यंत्र. दोन पात्यांचं.
चांगलं आहे. खांद्याच्या वर धर.
खांदा कळतो ना? गोलाई संपून
अंग जिथं सरळ होतं, तो.
त्याच्या खाली गेलास तर—

गेलासच.

बघ कसं उलगडतंय.
अंगणातली माणसं बघत नाहीयेत, म्हणजे बघतायत.
फेल्सिनो उगाच घसा खाकरतोय.
दे इकडे. एप्रनच्या खिशात डबी आहे.
मयताला कुणी डिंक घेऊन येतं का?
मी येते.
जिभेनं ओलं केलं हे कुणाला बोलू नकोस,
कारखान्यात त्याचा दंड होता.
घे. आता नखाएवढंच काप.
एकोणीस वर्षांनी आलास, तेवढं थांबता येईल.

लायटर ठेव आत. तो स्टोव्हसारखा फुसफुसतो,
पेट्यातलं माणूस दचकेल.
काडी लावणारे या गावात पुष्कळ आहेत.
तुझ्या आणि बापाच्या मध्ये कुणी लावली, तेही मला ठाऊक आहे.
पण काडी पेटवून थांबणारा एकच होता:
आधी गंधक जळून जाऊ दे, म्हणायचा,
मग देवदाराची ही चिपळी पेटव,
मग चिपळीवरून चिरूट.
ज्योत टेकवायची नाही. बोटभर अंतर.
फिरव. काठ आधी, मधलं मागाहून.
पलीकडे डोंगर फुटला त्या वर्षी
कौलांवरची काळी राख झाडूनं ढकलत
तो मला म्हणाला होता,
‘एफिहेनिया, ह्याला कुणीतरी एकाच बाजूनं पेटवलाय.’

आणि फेल्सिनोच्या पेटत्या चिरुटाला तोंड लावायला जाऊ नकोस.
उपाशी माणसं पेटवतात तसं,
नाहीतर प्रेमात पडलेली.

आता ओढ. गिळू नकोस.

खोकलास. असू दे.
सकाळपासून तू रडला नव्हतास,
आता धुराच्या नावावर खपून जाईल.

पट्टी? इतक्यात नाही.
ओढून काढलीस तर पान फाटेल.
ऊब तिथवर पोचू दे, डिंक आपणहून सोडतो.
पाच वर्षांचा होतास तेव्हा पायरीवर बसून
दहाही बोटांत ह्याच सोनेरी पट्ट्या घालायचास,
आणि आम्ही बायका ओळीनं येऊन
बिशपचा हात चुंबायचो.
तुझा बाप ओरडायचा, पट्ट्या मोजलेल्या असतात.
संध्याकाळी मोजायचाही. दहा कमी लिहायचा.

निघाली बघ, अख्खी.
करंगळीत घालतोस? घाल.
पहिल्याच पेरावर अडकली.
राहू दे तिथं.
आणि राख झटकू नकोस,
पडायची तेव्हा पडेल.