काश्यप गोत्र, यंत्रमानव

दर गुरुवारी रामकुंडावरची आरती आटोपून
शौनक गायधनी दोन वह्या घेऊन येतो.
एक लाल बासनातली, हातभर लांब, आडवी,
तिच्यात कोण कुठल्या गावाहून कुणाच्या अस्थी घेऊन आलं
ते सात पिढ्यांचं.
दुसरी मेन रोडवरून घेतलेली,
तिच्यात ‘तेजोयाना’चे खलाशी.

तेरा भागांची मालिका. आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे.
तेराव्या भागाला सातपूरची लाईट गेली,
सिडकोची गेली, जुन्या नाशकातली तर आधीच गेलेली,
आणि पुन्हा ती कुणी दाखवली नाही.
यान वळलं की फुटलं
यावर आमचं तीस वर्षं भांडण आहे.

आम्ही म्हणजे
इरफान कोकणी, द्वारकेजवळ गॅरेज,
तेजोयानाच्या इंजिनाचा आवाज तोंडानं काढतो,
गिऱ्हाईक घाबरून बॉनेट उघडतं.
सुगत पगारे, नोटांच्या छापखान्यात,
घरी आल्यावर मंगळावरच्या नोटा चितारतो,
उगाच कायद्याची भानगड नको म्हणून गोल.
आणि मी.
मी तांबट आळीत जाऊन म्हटलं, टोप करून द्या.
प्रमिलाताई म्हणाल्या, झाकणासकट?
डोक्यात घालायचाय, म्हटलं. परग्रहावरचा.
त्यांनी दोरीनं माझ्या डोक्याचा घेर घेतला,
कान किती, विचारलं.
तीन.
“तिसऱ्याची मजुरी वेगळी पडेल.”

वहीत कप्तान वसुधा आहे: मूळ गाव चंद्र, पलीकडची बाजू.
स्वयंपाकी आहे, त्याच्या दोन्ही बायका आहेत.
अष्टकापाशी शौनकचं पेन अडलं.
पत्र्याला गोत्र काय लावायचं?
इरफान म्हणाला, कंपनीचं नाव टाक.
सुगत म्हणाला, काही टाकू नकोस,
एक तरी सुटू दे.
शौनक बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसला.
ज्याचं माहीत नाही त्याचं काश्यप, म्हणाला,
असं आमच्यात आहे.
“मग पेन्सिलनं लिही,” सुगत म्हणाला.
त्यानं पेन्सिलनं लिहिलं.

माघात देवळालीहून एक बाई आली,
कलशाला बांधलेलं फडकं धरून.
वडील दिगंबर करंजकर, ओझरच्या कारखान्यात फिटर.
आणखी काही लिहायचं का, शौनकनं रीतीनं विचारलं.
ती म्हणाली, तसं काही नाही.
मग म्हणाली, एकदा बिनपगारी रजा काढून मुंबईला गेले होते,
टीव्हीसाठी,
एका पत्र्याच्या डब्यात उभं राहायला.
नाव नव्हतं आलं पडद्यावर.
डब्यावर आठाचा आकडा होता म्हणे.

सगळं यथासांग झालं. दर्भ, तीळ, पाणी.
ती पायरी चढून वर आली, पदर पिळला,
तेव्हा त्यानं विचारलं (लाजत विचारलं म्हणतो)
शेवटी काय झालं हो? यानाचं?
बाबांना नव्हतं ठाऊक, ती म्हणाली.
आत फार उकडायचं. डोळ्यांची भोकं खाली होती,
त्यातून जमीन दिसायची नुसती
आणि कुठे थांबायचं ती खडूची फुली.

त्या गुरुवारी आम्ही भांडलो नाही.
मिसळीचा रस्सा गार होऊन वर तवंग धरला.
शौनकनं खोडरबर मागितला.
सुगत म्हणाला, राहू दे रे काश्यप.
आत कोण होतं तेवढं खाली लिही.
त्यानं लिहिलं, शाईनं.
इरफाननं ते वाचून दाखवायला सांगितलं,
मग पुन्हा एकदा सांगितलं.

मी टोप चढवून पाहिला.
प्रमिलाताईंनी भोकं जरा खालीच पाडली आहेत.
फरशी दिसली,
चहाचा एक ओघळ,
इरफानची ग्रीस लागलेली चप्पल.